पुन्हा उभा करता येईल असा सर्व्हर

माझ्या जुन्या सर्व्हरवर बऱ्याच सेवा वर्षानुवर्षे विनातक्रार चालत होत्या. फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड, पासवर्डांसाठी व्हॉल्टवॉर्डन, छायाचित्रांसाठी इमिच, स्कॅन केलेल्या कागदपत्रांसाठी पेपरलेस, कोड ठेवण्यासाठी गिटी आणि हे सगळे जिवंत आहे की नाही ते पाहणारा अपटाइम कुमा, असा तो पसारा होता. त्यांतली प्रत्येक सेवा वेगळ्या वेळी, त्या वेळच्या निकडीनुसार आणि हाती लागलेल्या माहितीच्या आधारे हाताने बसवलेली असल्यामुळे, हा सर्व्हर नेमका कसा बनला आहे या प्रश्नाचे पूर्ण उत्तर फक्त त्याच्या डिस्कवर होते. त्याच डिस्कच्या ‘स्मार्ट’ (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) अहवालात खराब होऊन बदलल्या गेलेल्या सेक्टरांचा आकडा वाढू लागला, तेव्हा यंत्र बदलणे ओघाने आलेच. नव्या यंत्रावर तीच कामे पुन्हा हाताने करण्याऐवजी सगळी मांडणी अन्सिबल या सर्व्हर आपोआप मांडून देणाऱ्या साधनात लिहून काढायची आणि कोऱ्या डेबियन लिनक्सपासून चालत्या सेवांपर्यंतचा रस्ता एका कमांडने पार झाला पाहिजे, असे मी ठरवले.

अन्सिबल निवडण्यामागे फार खोल विचार नव्हता. मायकेल डीहान यांनी २०१२ साली सुरू केलेले आणि २०१५ पासून रेड हॅटकडे असलेले हे साधन समोरच्या यंत्रावर स्वतःचे काहीही बसवून मागत नाही. तेथे एसएसएच (दुरून यंत्रात शिरण्याची सुरक्षित सोय) आणि पायथन असले की पुरते. साध्या शेल स्क्रिप्टनेही सर्व्हर उभा राहतो, परंतु ती दुसऱ्यांदा चालवली की फाइलीत तीच ओळ दोनदा लिहिली जाते, असलेला वापरकर्ता पुन्हा बनवायला जाऊन ती अडखळते आणि मग प्रत्येक पावलापुढे ‘हे आधी झाले आहे का’ असे तपासत बसावे लागते. अन्सिबलमध्ये कृतीऐवजी अपेक्षित स्थिती लिहायची असते: हे पॅकेज असावे, ही फाइल अशी असावी, ही सेवा चालू असावी. स्थिती तशीच असेल तर ते काहीही करत नाही. निक्सओएसचाही विचार मनात येऊन गेला, कारण तेथे अख्खी कार्यप्रणालीच एका वर्णनातून तयार होते. पण यंत्र बदलण्याची घाई असताना कार्यप्रणालीही बदलणे मला प्रशस्त वाटले नाही.

लिहायला बसण्यापूर्वी जुन्या सर्व्हरची झडती घेतली. कोणती पॅकेजे मुद्दाम बसवली आहेत, कोणते टायमर आणि क्रॉनच्या नोंदी (ठरल्या वेळी आपोआप होणारी कामे) चालू आहेत, कोणते कंटेनर (डॉकर ज्यांत एकेक सेवा वेगळी चालवतो ते कप्पे) कोणत्या फोल्डरांवर बेतलेले आहेत, कोणती प्रक्रिया कोणत्या पोर्टवर (जाळ्यावरच्या क्रमांकित दारावर) कान लावून बसली आहे, हे सगळे एका साध्या मजकूर फाइलीत उतरवले. हे काम कंटाळवाणे असले तरी पुढच्या सगळ्या कामाचा पाया तेच ठरले. डेटाबेसची रात्रीची प्रत काढणारा एक टायमर त्यात सापडला, जो कोणत्याही टिपणात नव्हता आणि ज्याच्याशिवाय नवा सर्व्हर वरकरणी अगदी व्यवस्थित चालला असता.

पोर्टांची यादी मात्र अधिक बोलकी होती. यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांत २२, ८० आणि ४४३ एवढेच तीन पोर्ट उघडे दिसत होते. बाहेरच्या यंत्रावरून एनमॅप हे पोर्ट तपासणारे साधन चालवल्यावर ५४३२ सुद्धा उत्तर देत होता, म्हणजे पोस्टग्रेस हा डेटाबेस थेट बाहेर दिसत होता. यात यूएफडब्ल्यू बिघडलेला नसतो. डॉकरमध्ये कंटेनरचा पोर्ट प्रकाशित केला की डॉकर स्वतःचे नियम आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांच्या साखळ्यांमध्ये, लिहितो; आलेल्या पॅकेटचा (माहितीच्या तुकड्याचा) पत्ता आतमध्ये शिरतानाच बदलून कंटेनरचा केला जातो आणि त्यामुळे ते पॅकेट यंत्रासाठीच्या साखळीतून न जाता पुढे पाठवण्याच्या साखळीतून जाते. यूएफडब्ल्यूमध्ये आपण लिहिलेले नेहमीचे नियम पहिल्या साखळीत बसलेले असतात, म्हणून त्यांची आणि त्या पॅकेटची गाठच पडत नाही. यावर आयपीटेबल्समध्ये खटपटी करणारे उपाय आहेत, पण मी सोपा नियम घेतला: बाहेरचा कोणताही पोर्ट फक्त रिव्हर्स प्रॉक्सीच्या (बाहेरची मागणी योग्य सेवेकडे पोचवणाऱ्या मध्यस्थाच्या) कंटेनरने प्रकाशित करायचा, बाकीच्यांनी डॉकरच्या अंतर्गत जाळ्यावर एकमेकांशी बोलायचे, आणि एखाद्या सेवेचा पोर्ट यंत्रावर हवाच असेल तर तो १२७.०.०.१ या यंत्राच्या स्वतःपुरत्या पत्त्याला बांधायचा. हा नियम प्लेबुकाच्या (अन्सिबलला द्यायच्या सूचनांच्या फाइलीच्या) शेवटी तपासणी म्हणूनही लिहिला आहे. सगळे उभे राहिल्यावर माझ्या लॅपटॉपवरून सर्व्हरचे पोर्ट तपासले जातात आणि ठरलेल्यांखेरीज एकही उघडा सापडला तर प्लेबुक अपयशी ठरते. फायरवॉलने स्वतःविषयी दिलेल्या माहितीपेक्षा बाहेरून घेतलेल्या अशा चाचणीवर माझा जास्त विश्वास आहे.

सगळ्यांत आधी लिहिला तो एसएसएचचा भाग, आणि तोच सगळ्यांत जपून लिहावा लागला, कारण अन्सिबल ज्या दारातून आत जाते त्याच दाराचे कुलूप ते बदलत असते. त्यासाठी दोन प्लेबुके केली. पहिले नव्या यंत्रावर एकदाच चालते: पासवर्डने आत जाते, कामापुरता वापरकर्ता तयार करते, त्याची एड२५५१९ प्रकारची सार्वजनिक की ठेवते, त्या कीने नवी जोडणी होते का हे पाहते आणि मगच रूटचा (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचा) प्रवेश व पासवर्डने येणे बंद करते. दुसरे प्लेबुक त्यानंतर कितीही वेळा चालते आणि फक्त कीनेच आत येते. दोन्ही एकात कोंबण्याचा मोह होतो, पण पहिले पूर्ण झाले की त्याचा प्रवेशमार्ग बंद होत असल्यामुळे ते वेगळे ठेवणेच सरळ पडते.

रंगीत तालमी मी आभासी यंत्रांवर घेत होतो आणि त्यासाठी क्लाउडकरिता तयार केलेली डेबियनची प्रतिमा वापरत होतो. तेथे एक गोष्ट पाहायला मिळाली. एसएसएचच्या सेटिंगांसाठी आता एक वेगळे फोल्डर असते आणि त्यातल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. बहुतेक लिनक्स सेवांमध्ये शेवटी वाचलेले मूल्य लागू होते, म्हणून लोक आपल्या फाइलीचे नाव ९९ या आकड्याने सुरू करतात. एसएसएचच्या बाबतीत नेमके उलटे आहे. तेथे पहिल्यांदा वाचलेले मूल्य कायम राहते. अशा प्रतिमेची पहिली मांडणी करणारे क्लाउड-इनिट याच फोल्डरात ५० ने सुरू होणारी स्वतःची फाइल टाकते आणि तिच्यात पासवर्डला परवानगी दिलेली असेल, तर ९९ क्रमांकाच्या फाइलीत आपण कितीही ठामपणे ‘नाही’ लिहिले तरी पासवर्ड चालतच राहतो. फाइल बरोबर असते, अन्सिबल हिरव्या अक्षरांत सर्व ठीक असल्याचे सांगते, आणि दार उघडेच असते. म्हणून माझ्या फाइलीचे नाव शून्याने सुरू होते. शिवाय त्यानंतरची टास्क (प्लेबुकातले एक पाऊल) एसएसएचडीला, म्हणजे एसएसएचच्या सर्व्हरला, मोठ्या लिपीतल्या ‘टी’चा पर्याय देऊन प्रत्यक्षात लागू असलेली सगळी सेटिंगे छापायला लावते आणि त्यांत पासवर्डने येण्यापुढे ‘नो’ दिसले नाही तर तेथेच थांबते. फाइल जागेवर ठेवण्यापूर्वी लहान लिपीतल्या ‘टी’च्या पर्यायाने तिचे व्याकरण तपासण्याची सोयही अन्सिबलच्या टेम्पलेट मॉड्यूलमध्ये आहे, ती न वापरणे म्हणजे एका चुकलेल्या अक्षरापायी यंत्राला कीबोर्ड जोडायला जाणे.

वारंवार चुकीचे लॉगिन करणाऱ्या पत्त्यांवर बंदी घालणाऱ्या फेल-टू-बॅनबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. पासवर्डच बंद असेल तर एसएसएचवर येणाऱ्या अंदाजपंचे प्रयत्नांनी लॉग भरण्यापलीकडे फारसे काही होत नाही, त्यामुळे तेथे त्याचा उपयोग शांततेपुरता. वेबवरच्या लॉगिन पानांसाठी मात्र ते कामाचे आहे, फक्त तेथे दोन अटी पाळाव्या लागतात. एक म्हणजे प्रॉक्सीने मूळ पाहुण्याचा आयपी पत्ता सेवेपर्यंत पोचवला पाहिजे, नाहीतर सगळे प्रयत्न प्रॉक्सीच्याच नावावर जमा होऊन प्रॉक्सीलाच बंदी बसते. दुसरी म्हणजे बंदीचा नियम डॉकरने वापरकर्त्यांसाठी राखून ठेवलेल्या साखळीत लिहिला गेला पाहिजे. नेहमीच्या साखळीत लिहिला तर वर पोस्टग्रेसबाबत सांगितलेल्याच कारणाने तो निष्प्रभ राहतो. शिवाय डेबियन १२ पासून लॉगच्या फाइली लिहिणारा आरसिसलॉग मुळात बसवलेला नसल्यामुळे लॉगची जुनी ओळखीची फाइल तयारच होत नाही, तेव्हा फेल-टू-बॅनला सिस्टमडीच्या जर्नलमधून वाचायला सांगणारी ओळ त्याच्या रोलमध्ये (एका कामाच्या टास्कांच्या गटात) घालावी लागली.

कोणती सेवा जगाला दिसावी आणि कोणती नाही, हा निर्णय कोणतेही साधन आपल्यासाठी घेत नाही. माझ्याकडे नेक्स्टक्लाउड आणि इमिच यांच्या दुव्यांची इतरांना गरज पडते, म्हणून त्या दोघांना बाहेरचे दार मिळाले. व्हॉल्टवॉर्डन, पेपरलेस, गिटी आणि सगळी व्यवस्थापकीय पाने वायरगार्ड या व्हीपीएनच्या (खासगी जाळ्याच्या) मागे गेली. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीपासून कर्नलमध्येच आलेल्या वायरगार्डचा मला आवडणारा गुण असा की, ओळख न पटणाऱ्या पॅकेटला तो उत्तरच देत नाही. पोर्ट तपासणाऱ्याला तेथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. पासवर्डांची तिजोरी व्हीपीएनमागे ठेवल्याने गैरसोय होईल अशी शंका होती, परंतु फोनवरचे अॅप शेवटची कूटबद्ध प्रत स्वतःजवळ ठेवते आणि सर्व्हर दिसत नसला तरी पासवर्ड वाचता येतात. नवीन नोंद करायची असेल तेवढ्यापुरते व्हीपीएन लागते.

या विभागणीचा परिणाम एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्रांवर झाला. प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची पडताळणी ८० क्रमांकाच्या पोर्टवर बाहेरून येऊन होते, आणि व्हीपीएनमागच्या सेवेपर्यंत ती पोचणे शक्य नाही. व्हॉल्टवॉर्डनला तर एचटीटीपीएस हवेच, कारण ब्राउझर आपली कूटलेखनाची सोय सुरक्षित जोडणीवरच उपलब्ध करून देतो. त्यामुळे डीएनएसमध्ये (नावाला पत्ता जोडणाऱ्या यंत्रणेत) टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद करून मालकी सिद्ध करण्याचा मार्ग घेतला आणि त्याच मार्गाने सर्व सबडोमेनांना मिळून एकच वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घेतले. त्याचा आणखी एक लाभ आहे. दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक पारदर्शकता नोंदवह्यांत जाते, क्रोमने तर २०१८ पासून नव्या प्रमाणपत्रांसाठी ही नोंद सक्तीची केली आहे, आणि वेगवेगळी प्रमाणपत्रे घेतल्यास आपल्या सबडोमेनांची यादी कोणालाही बसल्या जागी वाचता येते. वाइल्डकार्डमुळे तेथे फक्त एक तारा दिसतो. अर्थात, याची किंमत म्हणून डीएनएस बदलू शकणारे एक टोकन सर्व्हरवर ठेवावे लागते. ते फक्त त्या एका झोनपुरते (एका डोमेनच्या नोंदींपुरते) मर्यादित असेल याची काळजी घेतली. रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून घेतलेल्या कॅडीच्या मूळ प्रतिमेत (कंटेनर जिच्यातून तयार होतो तो साचा) डीएनएस पुरवठादारांची मॉड्यूले नसतात, तेव्हा हवे ते मॉड्यूल घालून प्रतिमा स्वतः बांधण्याची पायरीही प्लेबुकात आली.

स्वयंचलन आणि लेट्स एन्क्रिप्ट यांचे एक खास वाकडे आहे. नेमक्या त्याच नावांच्या संचासाठी सात दिवसांत पाचच प्रमाणपत्रे मिळतात. हाताने सर्व्हर उभारणाऱ्याला ही मर्यादा कधी जाणवत नाही. पण तालमीसाठी यंत्र पुन्हा पुन्हा पुसून उभारणाऱ्याचा कोटा दुपारपर्यंत संपतो आणि मग खऱ्या सर्व्हरलाही वाट पाहावी लागते. त्यासाठी लेट्स एन्क्रिप्टनेच चाचणीची वेगळी व्यवस्था ठेवली आहे. तिची प्रमाणपत्रे ब्राउझर मानत नाही, बाकी सगळे तसेच असते. अन्सिबलच्या माझ्या यंत्रांच्या यादीत यंत्रानुसार एक चल (बदलणारे मूल्य) आहे: तालमीच्या यंत्राला चाचणीचा पत्ता, खऱ्या यंत्राला खरा. ही प्रमाणपत्रे ९० दिवसांची असतात आणि मुदत संपत आल्याची सूचना देणारी ईमेल पाठवणे लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहे, म्हणून मुदतीवर नजर ठेवण्याचे काम अपटाइम कुमाकडे दिले.

प्रॉक्सी म्हणून ट्रॅफिक (Traefik) या दुसऱ्या प्रॉक्सीऐवजी कॅडी घेण्याचे कारण डॉकरच्या सॉकेटमध्ये, म्हणजे डॉकरला हुकूम देण्याच्या दारात, आहे. ट्रॅफिकची डॉकरबरोबरची जी सर्वांत सोयीची पद्धत आहे, तिच्यात तो डॉकरच्या सॉकेटमधून कंटेनरांची माहिती वाचतो. तो सॉकेट ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यवहारतः रूट असते. सॉकेटची फाइल केवळ वाचनासाठी जोडली तरी फरक पडत नाही, कारण त्या बंधनाने फाइल बदलता येत नसली तरी तिच्यातून डॉकरला हुकूम पाठवता येतात. इंटरनेटला तोंड देणाऱ्या कंटेनरला एवढा अधिकार देणे मला पटले नाही. कॅडीची सगळी माहिती एका मजकूर फाइलीत असते आणि ती फाइल अन्सिबल सेवांच्या यादीवरून तयार करते.

गुपितांचा विषय मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारा वाटला. अन्सिबलचीच गुपिते ठेवण्याची सोय असलेला अन्सिबल व्हॉल्ट एईएस-२५६ ने फाइल कूटबद्ध करतो, त्यामुळे डेटाबेसांचे पासवर्ड, डीएनएसचे टोकन आणि बॅकअपची किल्ली हे सर्व गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या साधनात) प्लेबुकांच्या शेजारीच राहू शकते. ज्या टास्कमध्ये गुपित असेल तिचा लॉग दडवायला सांगावे लागते. विशेषतः बदल दाखवणारा पर्याय लावून प्लेबुक चालवले तर टेम्पलेटमधला जुना-नवा पासवर्ड टर्मिनलवर सरळ छापला जातो. पण खरा प्रश्न व्हॉल्टच्या स्वतःच्या पासवर्डाचा आहे. तो व्हॉल्टवॉर्डनमध्ये ठेवला आणि सर्व्हर गेला, तर सर्व्हर उभारायला व्हॉल्टचा पासवर्ड हवा आणि पासवर्ड मिळवायला सर्व्हर हवा. बॅकअपच्या किल्लीचे तेच. प्लेबुके माझ्याच गिटीवर असतील तर त्यांचेही तेच. डोमेनच्या खात्याचा दुसऱ्या टप्प्याचा संकेतांक त्याच तिजोरीत असेल तर त्याचेही तेच. म्हणून मी कागदावर बाण काढून पाहिले की कोणती गोष्ट मिळवायला आधी कोणती लागते, आणि जेथे बाण फिरून मूळ जागी येत होता तेथे साखळी तोडली. व्हॉल्टचा पासवर्ड आणि बॅकअपची किल्ली आता कागदावर आहेत, प्लेबुकांची एक प्रत बाहेरच्या यंत्रावर आहे, आणि डोमेनच्या खात्याचे आपत्कालीन संकेतांक त्याच कागदावर आहेत. संपूर्ण प्रकल्पात इतके अल्पतांत्रिक आणि इतके महत्त्वाचे दुसरे काही नसावे.

‘अपेक्षित स्थिती लिहा, बाकी साधन पाहून घेईल’ हे तत्त्व डेटापाशी येऊन थांबते, हे पोस्टग्रेसने दाखवले. डॉकरच्या पोस्टग्रेस प्रतिमेला चलामधून जो पासवर्ड दिला जातो, तो डेटाचे फोल्डर रिकामे असेल तेव्हा, म्हणजे पहिल्यांदाच, वाचला जातो. नंतर व्हॉल्टमध्ये पासवर्ड बदलून प्लेबुक चालवले तर अन्सिबल कंपोजची (कंटेनरांची मांडणी लिहिलेली) फाइल बदलते, कंटेनर नव्याने सुरू होतो, सेवेला नवा पासवर्ड मिळतो, आणि डेटाबेस मात्र जुनाच पासवर्ड मानत राहतो. परिणामी सेवा दारातच अडते. त्यामुळे पासवर्ड बदलण्यासाठी डेटाबेसच्या आत जाऊन तो बदलणारी वेगळी टास्क लिहिली. आवृत्त्यांचेही असेच आहे. प्रतिमेच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ लिहिले आणि मधल्या काळात पोस्टग्रेसची नवी मुख्य आवृत्ती आली, तर ती जुन्या आवृत्तीचे डेटा फोल्डर उघडायला नकार देते. नेक्स्टक्लाउडला मुख्य आवृत्त्या ओलांडून उडी मारता येत नाही; एकेक पायरीनेच चढावे लागते. इमिचला साधा पोस्टग्रेस चालत नाही, त्याला सदिश शोधाचे विस्तार असलेली प्रतिमा लागते. या सर्व कारणांनी प्रत्येक प्रतिमेची आवृत्ती एका फाइलीत आकड्याने लिहिलेली आहे आणि ती बदलणे ही गिटमधली एक स्वतंत्र नोंद असते. कार्यप्रणालीच्या सुरक्षा सुधारणा मात्र मी अनअटेंडेड-अपग्रेड्स या त्या आपोआप बसवणाऱ्या सोयीवर सोपवल्या आहेत. त्यांची वाट अडवून धरण्यात शहाणपण नाही.

अन्सिबलमधल्या एका बारकाव्याने माझा बराच वेळ घेतला. फाइल बदलली तरच सेवा पुन्हा सुरू करायची, यासाठी हँडलर असतात आणि ते सामान्यतः सगळ्या टास्क संपल्यावर चालतात. समजा, कॅडीची फाइल बदलली आणि हँडलरला तशी वर्दी गेली; त्यानंतरची एखादी टास्क, म्हणजे प्रतिमा उतरवताना जाळे तुटल्यासारखी, अपयशी ठरली, तर प्लेबुक तेथेच थांबते आणि हँडलर चालतच नाही. कारण दूर करून प्लेबुक पुन्हा चालवले की कॅडीची फाइल आधीच बदललेली असल्यामुळे त्या टास्कला काही करायचे उरत नाही, हँडलरला वर्दी जात नाही, आणि कॅडी जुन्याच सेटिंगवर चालत राहते. डिस्कवर एक, स्मृतीत दुसरे. सुरक्षेशी संबंधित सेटिंगांत हे धोक्याचे आहे, कारण फाइल उघडून पाहिल्यास सगळे बरोबरच दिसते. यावर अपयश आले तरी हँडलर चालवण्याची सक्ती करता येते. मी ती केली आहे आणि एसएसएच व फायरवॉल यांच्या रोलच्या शेवटी हँडलर लगेच उरकून घेण्याची ओळही घातली आहे.

प्लेबुक पूर्ण झाले असे मी केव्हा मानावे, यासाठी एक कसोटी ठेवली होती: लागोपाठ दुसऱ्यांदा चालवल्यावर बदलांचा आकडा शून्य आला पाहिजे. थेट कमांड चालवणाऱ्या टास्क या कसोटीत हमखास अडकतात, कारण कमांडने काही बदलले की नाही हे अन्सिबलला कळत नाही आणि ते प्रत्येक वेळी ‘बदलले’ असेच म्हणते. अशा प्रत्येक टास्कला बदल कशावरून ओळखायचा हे सांगावे लागले. काम चिकटपणाचे आहे, पण एकदा शून्य आला की पुढे कधीही दिसणारा बदल अर्थपूर्ण ठरतो. कोणी, बहुतेक वेळा मीच, सर्व्हरवर जाऊन हाताने काही केले असेल तर ते लगेच उघडे पडते.

बॅकअप रेस्टिक या साधनाने होतो. प्रत्येक डेटाबेसची आधी नीट प्रत काढली जाते, कारण चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या उचलल्या तर त्या अर्धवट अवस्थेतल्या असू शकतात; मग फाइली आणि डेटाबेसच्या प्रती मिळून दूरच्या सर्व्हरवर कूटबद्ध होऊन जातात. तेथला रेस्टिकचा सर्व्हर फक्त भर घालू देणाऱ्या अवस्थेत चालतो, त्यामुळे माझा सर्व्हर कोणाच्या ताब्यात गेला तरी तेथून जुन्या प्रती पुसता येत नाहीत. जुन्या प्रतींची छाटणी त्या दूरच्या यंत्रावरून वेगळी होते.

मात्र रिस्टोअरचा रोल लिहिण्यास बॅकअपच्या रोलपेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. क्रम महत्त्वाचा होता: फोल्डरे बनवायची, डेटा परत आणायचा, फक्त डेटाबेस सुरू करायचे, त्यांत प्रती भरायच्या आणि शेवटी सेवा चालू करायच्या. सेवा आधी सुरू झाली तर ती रिकामा डेटाबेस पाहून स्वतःची नवी मांडणी करून बसते आणि मग प्रत भरताना सगळीकडे अडथळे येतात. नेक्स्टक्लाउडच्या मुख्य सेटिंग फाइलीत त्या स्थापनेची ओळख आणि गुप्त मूल्ये असतात, म्हणून ती फाइल टेम्पलेटमधून नव्याने न बनवता बॅकअपमधूनच आणावी लागते. फाइलींच्या मालकीचा मुद्दाही तेथेच आला: डेबियनवर आधारित नेक्स्टक्लाउड प्रतिमेत वेबसेवेच्या वापरकर्त्याचा क्रमांक ३३ असतो आणि अल्पाइनवर आधारित प्रतिमेत ८२, त्यामुळे प्रतिमेचा प्रकार बदलून रिस्टोअर केले की एकही फाइल उघडत नाही. कोऱ्या आभासी यंत्रावर रिस्टोअरसकट सगळे प्लेबुक चालवून, ब्राउझरने आत जाऊन, एखादे जुने छायाचित्र आणि एखादे स्कॅन केलेले कागदपत्र उघडून पाहिल्यावरच मी जुन्या यंत्राला हात लावायला तयार झालो.

ईमेलचा सर्व्हर मी या सगळ्यात घेतला नाही. २५ क्रमांकाचा पोर्ट अनेक पुरवठादार बंदच ठेवतात आणि लहान सर्व्हरच्या पत्त्यावरून गेलेली पत्रे समोरच्याच्या स्पॅममध्ये पडण्याची शक्यता पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी नीट लावूनही उरते. सेवांच्या सूचना बाहेरच्या रिलेमार्फत जातात, एवढे मला पुरते.

प्रत्यक्ष बदलाचा दिवस त्या मानाने सुना गेला. डीएनएसच्या नोंदींची मुदत आधीच कमी करून ठेवली होती. जुन्या सेवा थांबवल्या, शेवटचा बॅकअप घेतला, नव्या यंत्रावर प्लेबुक चालवले, पोर्टांची बाहेरची तपासणी पार पडली आणि पत्ते बदलले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ वर मी चालू यंत्र अद्ययावत करून गेलो नाही; तालमीच्या यंत्रावर तेरावी आवृत्ती टाकून तेच प्लेबुक चालवले, फेल-टू-बॅन आणि पायथनशी संबंधित काही टास्क दुरुस्त केल्या आणि मग नव्या डिस्कवर खरा सर्व्हर पुन्हा उभारला.

प्लेबुकाच्या शेजारी एक लहानशी फाइल आहे, जिच्यात अन्सिबल करत नाही अशी कामे लिहिलेली आहेत: वीज परत आली की यंत्र आपोआप सुरू व्हावे यासाठी बायोसमधले सेटिंग, राउटरवर ८०, ४४३ आणि वायरगार्डचा ५१८२० हे पोर्ट पुढे पाठवणे, पूर्णतः कूटबद्ध डिस्कचा परवलीचा शब्द यंत्र सुरू होताना दुरून देता यावा म्हणून ड्रॉपबेअर या छोट्या एसएसएच सर्व्हरची की तयार करणे, आणि डोमेनच्या खात्यावर डीएनएस टोकन काढणे. यांतले ड्रॉपबेअरचे काम लवकरच प्लेबुकात जाईल. टोकन काढण्याचे काम मी मुद्दाम हातीच ठेवले आहे, कारण ते स्वयंचलित करायचे तर डोमेनच्या संपूर्ण खात्याची किल्ली व्हॉल्टमध्ये ठेवावी लागेल, आणि तेवढ्या सोयीसाठी तेवढा अधिकार एका फाइलीत ठेवण्याची माझी तयारी नाही.